दोन रुपयांची नळी आणि तीनशे रुपयांची फी

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबर महिना, बगीच्यात आंबियाची तोड चालू, घरातलं प्रत्येक माणूस संत्र्यात अडकलेलं. माझी सायकल अंगणात उभी. मागच्या चाकात हवाच टिकत नव्हती. पंप मारला की दहा मिनिटांत चाक पुन्हा जमिनीला टेकलेलं. गावात दुकान नाही, बाबांना वेळ नाही, आणि सायकल ढकलत नरखेडपर्यंत न्यायची माझी तयारी नाही. चार दिवस शाळा बुडाली. पाचव्या दिवशी बाबांनी सायकल ट्रॉलीत टाकली आणि मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह उघडला, आतली करंगळीच्या पेराएवढी रबरी नळी फाटलेली होती ती काढली, नवी चढवली. झालं. एक मिनिटही लागलं नसेल. पैसे किती झाले ते अजून लक्षात आहे, कारण बाबा मोठ्यानं हसले होते. दोन रुपये.

आता तुम्ही म्हणाल, ही काय करिअरच्या पानावर सांगायची गोष्ट आहे? आहे. कारण त्या दिवशी मिस्त्रींनी बाबांना विकलं ते रबर नव्हतं, ते एका मिनिटाचं ज्ञान होतं. ते ज्ञान मला कुणी आठवीतच दिलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते. आणि ते देण्याचे कुणी पैसे घेतले असते, तर बाबांनी ते आनंदानं दिले असते. सायकल दुरुस्त करणं हा धंदा आपल्याला माहीत आहे. सायकल दुरुस्त करायला शिकवणं हाही धंदा होऊ शकतो का, हा आजचा विषय.

आपल्या तालुक्यात शाळा सुटायच्या वेळी नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव यांपैकी कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या पोरी दोघी-दोघी, तिघी-तिघी सायकलवर परत निघालेल्या दिसतील. त्यांच्यात एखादी तरी सायकल हातात धरून चालत असते. तिच्या मैत्रिणी पण मग उतरून तिच्याबरोबर चालतात. दुसरीकडे मिस्त्रींचं दुकान बघा. तिथं आता बाइक उभ्या असतात. बाइकच्या कामात पैसा आहे, सायकलच्या पंक्चरमध्ये तेवढा नाही, त्यांचं काही चुकत नाही. पण सायकलवाल्या पोरीची पाळी शेवटी येते.

बेळगावचं दुकान

सायकलवरून मोठे झालेले म्हटलं की सगळे राइट बंधूंचं नाव घेतात. ते राहू द्या, आपल्या जवळचं घ्या. १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं छोटं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत, व्हीजेटीआयमध्ये नोकरीला. ते मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला धाडायचे, आणि तिथं त्यांचे थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. पण विकायच्या कशा? लोकांना सायकल चालवताच येत नव्हती! म्हणून रामूअण्णा शिकवायचे सुद्धा, आणि त्या शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे घ्यायचे, असं सांगितलं जातं. त्या काळचे पंधरा रुपये. पुढे नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, पंप आले, हे सगळं आपण शाळेत वाचलेलं. त्या पुढच्या कथेपेक्षा मला ही पंधरा रुपयांची शिकवणी जास्त आवडते. मराठी माणसाच्या इतक्या मोठ्या उद्योगाची सुरुवात दुकानातून झाली हे सगळे सांगतात, त्या दुकानात फी घेऊन क्लासही चालायचा हे कुणी सांगत नाही.

बाहेर तर हा रीतसर व्यवसाय आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यात अ‍ॅशलंड नावाचं छोटं गाव आहे, तिथं १९८१ पासून युनायटेड बायसिकल इन्स्टिट्यूट नावाची संस्था सायकल मेकॅनिकचे कोर्स चालवत आली. ब्रिटनमध्ये सायटेक नावाची पायऱ्या-पायऱ्यांची परीक्षा असते. पण तिथली सायकल लाखाची, गिऱ्हाईक हौशी. आपल्याशी जास्त जुळतं ते झांबियाचं उदाहरण. तिथं वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी सायकली देते, आणि सायकलींबरोबर गावातलीच माणसं मेकॅनिक म्हणून तयार करते, त्यांना हत्यारं देते. या योजनेचा अभ्यास झाला तेव्हा सायकल मिळालेल्या मुलींची गैरहजेरी २८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. चांगली गोष्ट आहे. पण हे पैसे सायकल घ्यायला आहेत. ती दुसऱ्या वर्षी चालू आहे की अंगणात तिच्यावर गोधड्या वाळताहेत, हा प्रश्न उरतोच. तुमचा धंदा नेमका त्या प्रश्नावर उभा राहणार आहे.

शिकवायचं काय?

मी हे लिहायला घेतलं तेव्हा स्वतःला सायकलमधलं बऱ्यापैकी कळतं असं मला वाटत होतं. मग खात्री करायला म्हणून घरची जुनी सायकल खोलायला बसले आणि पहिल्याच पेडलला तोंडघशी पडले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल नेहमीसारखं फिरवून निघतं, डावं उलट्या दिशेनं. मी डाव्याला सरळ समजून अंगातली सगळी ताकद लावली, पाना सटकला, हात सोलला. वर आजी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, ‘डिगरी घेऊन पंचर काढशीन का वं?’ तिला काय सांगू, पंचरपर्यंत तर मी पोचलेच नव्हते.

तर तीन दिवस, रोज दोन तास, एवढाच कोर्स शाळेतल्या मुलांसाठी धरा. पहिला दिवस हवेचा आणि पंक्चरचा. आपल्याकडच्या साध्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये ती रबरी नळी असते, ती उन्हानं कडक होते, चिरते. अर्ध्या वेळा ‘पंक्चर’ म्हणून आणलेली सायकल पंक्चर नसतेच. म्हणून आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचं. आला तर नळी बदला आणि घरी जा. नाही आला तरच टायर उतरवायचा.

ट्यूब बाहेर काढली, हवा भरली, पाण्यात बुडवली, बुडबुडे आले, भोक सापडलं. इथपर्यंत सगळ्यांना येतं. यानंतरचं शिकवण्यासारखं आहे. भोक ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा खिळा. आतल्या, म्हणजे रिंगच्या बाजूला असेल तर स्पोकचं डोकं वर आलंय, रिंगवरची पट्टी सरकलीय. आणि जवळजवळ दोन भोकं असतील तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती आणि चाक दगडावर आपटलं, ट्यूब रिंगमध्ये चेपली. एका भोकाकडे बघून सायकलला काय झालं हे सांगता येतं, पोरांना हे फार आवडतं, डिटेक्टिव्हसारखं.

मग काचपेपरनं घासायचं आणि सुलोचन लावायचं. (सोल्युशनचं सुलोचन कुणी केलं माहीत नाही, पण ज्यानं केलं त्याला सलाम. ओव्हरहॉलिंगचं ‘ओव्हरऑइलिंग’ करणाराही तोच असावा.) सगळ्यात मोठी चूक इथं होते. सुलोचन ओलं असतानाच पॅच चिकटवतात. पातळ थर द्या, थांबा, त्याची चमक जाऊ द्या, बोट लावल्यावर ओलं लागता कामा नये, मग पॅच दाबा. लवकर वाळावं म्हणून फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ त्यावर बसते. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोटं फिरवायची. आपल्याकडं कुंपणाला बाभूळ. बाभळीचा काटा मोडून टायरमध्येच राहतो, तो काढला नाही तर शाळेच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत चाक पुन्हा बसणार.

दुसरा दिवस ब्रेक आणि चेनचा. ब्रेकचे गुटके रिंगला टेकतात की टायरला घासतात, केबल किती ओढायची, हे एका तासात येतं. चेनसाठी घरातली पट्टी पुरते. सायकलच्या चेनची २४ माप म्हणजे बरोबर १२ इंच. पिनच्या मध्यापासून मोजा. १२ इंचांच्या वर एक सूत भरलं तर चेन ताणली गेलीय, बदला, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दातही खाईल. तेल चेनला द्यायचं, चेनकव्हरला नाही, हेही सांगावं लागतं.

तिसऱ्या दिवशी सीटची उंची, हँडल सरळ करणं, नट कुठले ढिले होतात ते, आणि परीक्षा. परीक्षा म्हणजे प्रत्येकानं एकट्यानं चाक उतरवून पंक्चर काढून परत बसवायचं. रिंगचा आऊट काढणं, एक्सलमधले छर्रे बदलणं, कॉटर पिन ठोकून काढणं हे या तीन दिवसांत शिकवू असं कुणाला सांगू नका. त्याला हात बसावा लागतो आणि हात बसायला महिने जातात.

‘पण हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे ना?’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारला जाईल, म्हणून उत्तर तयार ठेवा. मी यूट्यूबवर बघितलं. तिथली बहुतेक सायकल गिअरची, डिस्क ब्रेकची, व्हॉल्व्ह वेगळा, हत्यारं वेगळी. आपल्या अंगणातल्या सायकलला कॉटर पिन असते. आणि व्हिडिओ बघून पाना किती जोरानं आवळायचा ते कळत नाही, ते पानाच हातात घेऊन कळतं. माझा सोललेला हात साक्षीला आहे.

पैसे कोण देणार?

आता खरी अडचण. एकेकट्या मुलाकडून फी मागत गावभर फिरलात तर दमून जाल. बॅच संस्थेकडून मिळवायची. शाळा, ग्रामपंचायत, महिला बचत गट, आणि हो, तुमचंच कॉलेज. एनएसएसचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर दत्तक गावात होतं. दुपारच्या बौद्धिकाला अर्धा वर्ग पेंगतो हे आपण सगळे जाणतो. त्यातल्या दोन दुपारी सायकल दुरुस्तीला मागून घ्या.

हिशेब मांडू या. आकडे माझे, अंदाजाचे आहेत. तुम्ही आपल्या बाजारात विचारून बदला. समजा शाळेतल्या २० मुलांची बॅच, माणशी ३०० रुपये. झाले ६,०००. सुलोचन, पॅच, नळ्या, काचपेपर, ग्रीस यांचे १,०००. सोबत शिकवायला मिस्त्री, तीन दिवसांचे १,५००. पेट्रोल आणि झेरॉक्सचे ५००. हातात राहिले ३,०००. महिन्याला दोन बॅच म्हटलं तरी ६,०००. आणि दर महिन्याला दोन बॅच मिळणार नाहीतच. परीक्षा, दिवाळी, उन्हाळा वजा केला तर वर्षाला १२ बॅच म्हणजे चांगलं वर्ष. ३६,००० रुपये. त्यातून हत्यारांचे सहा संच, पंप, वेल्डरकडून करून घेतलेले स्टँड, सरावाला भंगारातून आणलेल्या चार-पाच सायकली, यांचे २५,००० गेले तर पहिल्या वर्षी तुमचे ११,०००. वर्षाचे!

हे वाचून पान उलटलंत तर मी समजू शकते. कोर्सवर एकट्यावर घर चालत नाही, निदान नरखेडमध्ये नाही. जे चालेल ते असं: कोर्स तुम्हाला गिऱ्हाईक आणून देतो. वीस मुलांना शिकवलंत की वीस घरांना तुमचा नंबर कळला. त्या घरात सायकली एकाहून जास्त असतात, आणि पंक्चर घरी काढलं तरी आऊट काढायला, ओव्हरऑइलिंगला, नवी चेन टाकायला तुम्हालाच फोन येणार. शिकलेल्या गिऱ्हाइकाला तर बिघाड लवकर कळतो, तो सायकल पार मोडेपर्यंत थांबत नाही. त्यामुळे शनिवार-रविवार कोर्स, मधल्या दिवशी गावोगाव जाऊन दुरुस्ती, आणि शाळांशी वर्षाचा करार की दर तीन महिन्यांनी येऊन सगळ्या सायकली तपासू. हे तिन्ही मिळून धंदा होतो. यातलं एकटं काहीच पुरत नाही.

हंगामही ओळखा. विदर्भात शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटी शेवटी उघडतात. दोन महिने उन्हात उभ्या असलेल्या सायकलींच्या ट्यूब, नळ्या, ब्रेकचं रबर, सगळं वाळलेलं. जूनचे मधले दोन आठवडे म्हणजे तुमची दिवाळी. तेव्हा परीक्षेचा निकाल बघत घरी बसू नका.

मिस्त्री

या सगळ्यात शिकवणार कोण, तर तुम्ही नाही. मी तर नाहीच. शिकवणार मिस्त्री. आपल्या प्रत्येक बाजारगावात असा एखादा माणूस आहे ज्यानं लहानपणी दुसऱ्याच्या दुकानात चहा आणत, पंप मारत, मार खात हे काम शिकलं. फी नव्हती, पगारही नव्हता, तीन-चार वर्षं तशीच. त्याच्या हाताखाली आता कुणी येत नाही, त्याच्या स्वतःच्या मुलालाही हे नको. केंद्र सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली, त्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, चांभार, मूर्तिकार. सायकल मिस्त्री त्या यादीत नाही. त्याच्या कामाला कुणी परंपरा म्हणत नाही आणि कुणी शिक्षणही म्हणत नाही.

म्हणून भागीदारी करा. वेळापत्रक, मराठीत लिहिलेल्या दोन पानी नोट्स, शाळेला पत्र, फोन, बिल, हे तुमचं. हात त्यांचा. आणि त्यांना मदतनीस म्हणून नेऊ नका. फळ्यासमोर ते उभे राहतील, पाना तुम्ही धराल. मुलं त्यांना ‘सर’ म्हणतील असं बघा. माझा अनुभव असा की पहिल्यांदा समोर मुलं बसली की मिस्त्री बोलत नाहीत, फक्त करत जातात, आणि ते इतकं भराभर करतात की कुणालाच काही दिसत नाही. तेव्हा मध्ये थांबवून ‘काका, हे का केलं?’ विचारायचं काम तुमचं. पत्रकारिता शिकणाऱ्यांना हे तरी यायला हवं.

कागदपत्रांत फार गुंतू नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर तुम्ही भलत्याच वेबसाइटवर पोचलात. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारण न देता मागता येतं, पण वरचा हिशेब पाहता पहिल्याच वर्षी कर्ज काढू नका असं मी म्हणेन. हिशेब आणि बँकेची भाषा शिकायची असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत म्हणजे आरसेटीत मोफत प्रशिक्षण मिळतं. मुलांना कागद द्यायचा तर ‘हजर होता, पंक्चर काढता येतं’ एवढाच द्या. ‘शासनमान्य’ असं चुकूनही छापू नका.

मुलींच्या बॅचबद्दल एक. वेगळी ठेवा म्हणून शाळा सांगेल. पहिल्या वेळी ठेवा. मुलगे असले की ते पुढं होऊन पाना हातात घेतात आणि मुली कडेला उभ्या राहून बघतात, हे मी घरच्या अंगणातच पाहिलं. गेल्या रविवारी मी चार चुलत भावंडं जमवली, दोन मुलगे, दोन मुली, आणि जे शिकले ते शिकवायला बसले. मोठ्या भावानं टायर एकट्यानंच उतरवला, पंक्चरही त्यानंच काढलं. चाक फिरलं, टाळ्या वाजल्या. पुढच्या खेपेला मी त्याला पाणी आणायला पाठवलं आणि धाकटीला घमेल्यासमोर बसवलं. सातवीत आहे. भोक सापडायला तिला वीस मिनिटं लागली. सुलोचन लावलं, वाळायची वाट बघायला सांगितलं तर दर दहा सेकंदांनी ‘झालं का ताई?’ पॅच थोडा वाकडा बसला.

आज सकाळी तिचा फोन आला होता. हवा अजून टिकून आहे. आणि वर्गातल्या एकीची सायकल आणलीय, व्हॉल्व्हची नळी कुठं मिळते म्हणून विचारत होती.